सव्वा इंच

हिचा वॉकर मी कुणाला देणार नव्हतो.

ही म्हणजे माझी बायको. चाळीस वर्षांत चारचौघांत मी तिला नावानं हाक मारली नाही, आता कशाला सुरुवात करू? तिला जाऊन सात महिने झाले. शेवटची तीन वर्षं ती वॉकरवर चालली, आणि तो वॉकर मी माझ्या हातानं केलेला होता.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. हिचे गुडघे गेले तेव्हा दवाखान्यातून ॲल्युमिनियमचा एक वॉकर मिळाला. हलका होता, मजबूत होता. पहिल्याच दिवशी ही म्हणाली, "अहो, चालता येतं, पण चहा नेता येत नाही." दोन्ही हात मुठींना अडकलेले. ओट्याजवळ चहा करायची आणि ओट्याजवळच उभ्यानं प्यायची. मला बरं वाटेना. मी जुन्या सायकलींच्या नळ्या कापल्या, जोडल्या, पुढं तबक बसेल अशी कड केली, मुठींना रबर चढवलं. मनगटाच्या घडीइतकी मुठीची उंची ठेवायची असते हे दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईनं सांगितलं होतं. टेप लावून मी हिचं माप घेतलं आणि त्यावर बनवला. गल्लीतली माणसं बघायला आली. ही प्रत्येकाला सांगायची, "यांनी केलाय." त्यानंतर तीन वर्षं मला दुकानात बसल्या जागी चहा मिळाला.

ती गेली आणि वॉकर ओट्याजवळ राहिला. मी त्याच्यावरची धूळ पुसायचो, एवढंच.

त्या दिवशी टेलरबाईंचा मुलगा दुकानात आला. टेलरबाई म्हणजे हिची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. आमच्या मागच्या गल्लीत कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. तीन महिन्यांपूर्वी वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं होतं, हे मला माहीत होतं. भेटायला मात्र मी गेलो नव्हतो. दवाखान्याच्या पायऱ्या माझ्याच्यानं चढवेनात.

मुलगा म्हणाला, "काका, काकूंचा वॉकर पडून असेल ना? आईला हवाय."

"पडून नाही. उभा आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. चांगला मुलगा आहे, ऑफिसात नोकरी करतो, इस्त्रीच्या घडीसारखा बोलतो. मी त्याला बसायला स्टूल दिलं. मग त्यानं सगळं सांगितलं.

"आईला मी माझ्याकडं न्यायचं म्हणतोय. ती म्हणते, दुकान सोडणार नाही. रोज भांडण. शेवटी तिनंच अट घातली. पहिल्या तारखेला ती एकटी दुकान उघडणार, दिवसभर काम करणार, संध्याकाळी बंद करणार. कुणी हात लावायचा नाही. जमलं तर मी पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर ती मुकाट्यानं माझ्याबरोबर येणार, आणि जागा शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्याला द्यायची. तो मागतोच आहे."

"आणि जमेल असं तुला वाटत नाही."

"काका, ती पुन्हा पडली तर? तुम्हाला मी दुष्ट वाटत असेन."

"नाही. घाबरलेला वाटतोस," मी म्हणालो. "पहिल्या तारखेला किती दिवस आहेत?"

"अठरा."

"हिचा वॉकर तिला चालायचा नाही. तो हिच्या मापाचा आहे. मी येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. टेलरबाई मशीनजवळच्या खुर्चीत बसलेल्या. दुकान बंदच होतं, पण त्या रोज मुलाला घेऊन तिथं येऊन बसायच्या. मला बघून त्यांनी नाक उडवलं.

"या भाऊजी. तीन महिन्यांनी उगवलात. मला वाटलं, मी मेले अशी कुणी बातमी उठवली की काय."

"चुकलं, बाई."

"चुकलंच. बसा. नाही, बसू नका, आधी हे बघा."

त्या उठल्या. दवाखान्याचा चाकं असलेला वॉकर घेऊन कापायच्या टेबलाकडं निघाल्या. टेबल आणि मशीन यांच्यामधली वाट मी नंतर मोजली, बावीस इंच. वॉकर चोवीस. त्यामुळं तो तिरका करायचा, एक पाय आत, मग दुसरा. कशाबशा टेबलाशी पोचल्या, तर वॉकरची पुढची दांडी टेबलाला टेकली आणि बाई दीड हात लांब. कापडापर्यंत हात पोचेना. पोचवायला वाकावं लागे, आणि वाकायला तर डॉक्टरांनी बंदी केलेली.

"भाऊजी, हे बनवणाऱ्यांना वाटतं, आम्हाला नुसतं चालायचंय. चालून कुठं जायचंय, गेल्यावर तिथं काय करायचंय, हे कुणी विचारलंय का? मी काय कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला जन्मले?"

"मग तुम्ही काय करता?"

"हे करते." त्यांनी वॉकर उलटा फिरवला. स्वतः त्याच्याकडं पाठ केली आणि मागं सरकून त्याच्या आत उभ्या राहिल्या. आता दांडी पाठीमागं, दोन मुठी दोन बाजूंना आणि पुढं मोकळं. पोट टेबलाला लागलं. हात सोडून त्यांनी कापडावर खडू ओढला, सरळ, एका दमात. "बघितलंत?"

मी बघत होतो. तेवढ्यात त्या मागं दांडीवर जरा टेकल्या आणि वॉकर चाकांवरून मागं सरकला. मी दंड धरला नसता तर दुसरा खुबा गेला असता.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या, "मुलाला सांगू नका."

"नाही सांगत. पण हे बरोबर आहे, बाई. उलटंच बरोबर आहे. फक्त मागं सरकायला नको."

खरं सांगायचं तर तेव्हाच मला सगळं दिसलं होतं. पुढं जाणारं आणि मागं न जाणारं चाक मी पन्नास वर्षं रोज हाताळतोय. सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पॅडल थांबवलं की टिकटिक आवाज येतो ना, ते. त्याचे बाहेरचे दाते जखडून ठेवले तर चाक पुढं खुशाल फिरतं, मागं एक बोटभर जात नाही. लहान मुलांच्या सायकलीची दोन चाकं, दोन फ्रीव्हील आणि नळ्या, सगळं माझ्या दुकानात खिळ्यांना लटकत होतं.

"उभ्या राहा," मी म्हणालो. "माप घेतो."

"चपला घालून की तशीच?"

"दुकानात कशा वावरता?"

"अनवाणी. मशीनचं पॅडल पायाला कळलं पाहिजे. माझ्या मशीनजवळ मी कुणाला चपला घालून येऊ देत नाही."

मग अनवाणीच. त्यांनी हात सैल सोडले, मी जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत टेप लावला. साडेतीस इंच. वाट मोजली, टेबलाची उंची मोजली, मशीनपासून इस्त्रीपर्यंतचं अंतर मोजलं. त्या माझ्याकडं बघून हसल्या. "भाऊजी, खडू मारताना जीभ बाहेर काढता तुम्ही. ती सांगायची, खोटं वाटायचं मला."

तिची आठवण अशी कुणी हसत काढली नव्हती सात महिन्यांत. मला ते आवडलं.

आठ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. पंक्चरवाल्यांना पुढच्या चौकात पाठवलं. वॉकर वीस इंच रुंद केला, म्हणजे दोन्ही बाजूंना इंचभर वाट सुटली. पुढून मोकळा. मागं दोन बाजूंच्या मध्ये रुंद पट्टा बांधला, टेकायला. पुढचे दोन पाय स्वतःभोवती फिरणाऱ्या लहान चाकांचे, मागची दोन चाकं फ्रीव्हीलवाली. मग लक्षात आलं की त्या अरुंद वाटेत कधीतरी मागंही जावं लागणार. म्हणून दाते जखडणारा खिळा ब्रेकच्या तारेला बांधला आणि तार उजव्या मुठीजवळच्या ब्रेकला. ब्रेक दाबला की खिळा उचलतो, चाक मागंही फिरतं. सोडला की पुन्हा बंद. सायकलचा ब्रेक गाडी थांबवतो, हा उलटा, दाबला की सोडतो. टेलरबाईंना तो शिकायला दोन मिनिटं लागली. मुलाला अजून कळलेला नाही.

नवव्या दिवशी मी तो घेऊन गेलो. त्या आत उभ्या राहिल्या, पट्ट्याला टेकल्या. चाक जागच्या जागी राहिलं. पुढं निघाल्या. टिकटिक, टिकटिक. टेबलापाशी गेल्या, पोट टेकलं, हात मोकळे. ब्रेक दाबून मागं आल्या. पुन्हा गेल्या. मशीन, इस्त्री, टेबल, आरसा.

"झकास," त्या म्हणाल्या.

मला छाती फुगवून घरी जायला तेवढं पुरे होतं.

दोन दिवसांनी सहज डोकावलो. "कसं चाललंय?" "एकदम झकास, भाऊजी." त्यानंतर पुन्हा गेलो. "काही म्हणता काही नाही. उत्तम." घरी येताना मला कुठंतरी खटकायला लागलं. टेलरबाईंना मी तीस वर्षं ओळखतो. "छान आहे, पण" असं म्हटल्याशिवाय त्यांनी एक बटण घेतलेलं नाही. हिनं त्यांना कधी नवीन पातेलं दाखवलं तर त्यातही त्या खोट काढायच्या. त्यांचा "पण" गेला कुठं?

पहिल्या तारखेला पाच दिवस उरले होते तेव्हा मी दुपारी न सांगता गेलो. त्या मशीनवर बसून ब्लेडनं शिवण उसवत होत्या. मुलाच्या शर्टाची साधी सरळ शिवण, आणि ती नागमोडी गेलेली. मी खाली बघितलं. पायात चपला. जाड तळाच्या, घराबाहेर घालायच्या.

"बाई, चपला?"

त्यांनी मान वर केली नाही. "फरशी गार आहे."

बाहेर उन्हानं डांबर मऊ झालं होतं. दारातून आलेलं ऊन थेट त्यांच्या पायाशी फरशीवर पडलेलं. मांजर तिथं झोपलं नसतं, इतकी फरशी तापलेली.

  हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्या घरात, याच शब्दांत.

वॉकर करून दिल्यावर पंधरा दिवसांनी हिनं मला चपला आणायला सांगितल्या होत्या. "जाड तळाच्याच आणा हं." मी विचारलं, "घरात कशाला गं?" तर म्हणाली, "फरशी गार आहे." मी तीन दुकानं फिरून तपकिरी चपला आणल्या. तीन वर्षं त्या तिच्या पायात होत्या. उन्हाळ्यातसुद्धा. आणि मी, रोज लोकांच्या सायकलींच्या सीटा वरखाली करणारा माणूस, मला वाटलं, फरशी गार असेल.

मी खाली बसलो, त्याच तापल्या फरशीवर.

"वॉकर उंच झालाय," मी म्हणालो. "तुमचाही आणि तिचाही."

टेलरबाईंनी ब्लेड बाजूला ठेवलं.

"तिनं तुम्हाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, इतक्या हौसेनं केलाय, येईल त्याला दाखवतायत. जरासा उंच आहे, पुढं कधीतरी सांगेन. मग एकदा मी विचारलं, सांगितलंस का? तर म्हणाली, आता सवय झाली." त्या पुढं म्हणाल्या, "खांदे दुखायचे तिचे. मी तेल लावून द्यायची. भाऊजी, मला वाईट वाटतंय हे सांगताना, पण तुम्ही विचारलंत."

"बरं केलंत. आणि तुम्ही? तुम्ही का नाही बोललात? तुमची जीभ काय गहाण पडली होती?"

"तुम्ही सात महिन्यांनी पहिल्यांदा हौसेनं काही हातात घेतलं होतं! त्यात मी म्हणू, खांदे कानाला लागतायत म्हणून?"

"मग म्हणायचं! पहिल्या तारखेला दुकान गेलं असतं, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

आम्ही दोघंही जरा जोरात बोलत होतो. बाहेर चपलांच्या दुकानवाल्यानं मान लांब करून आत बघितलं. टेलरबाईंनी त्याला हातानं हाकललं. मग एकदम त्या हसायला लागल्या.

"काय झालं?"

"भाऊजी, मी मूर्ख आहे. गिऱ्हाईक टेपसमोर उभं राहिलं की पोट आत घेतं, छाती पुढं काढतं. सगळे घेतात. त्या मापानं कोट शिवला तर आठ दिवसांत बटण तुटतं. म्हणून मी पहिलं माप नुसतं दाखवायला घेते. मग गप्पा सुरू करते, मुलं काय करतात, पाहुणे गेले का, आणि माणूस सैल पडला की खरं माप. चाळीस वर्षं करतेय हे. आणि तुम्ही टेप काढल्यावर मी काय केलं? शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिले!"

तीसुद्धा ताठ उभी राहिली असणार. मी टेप घेऊन समोर बसलो तेव्हा ही भिंतीला पाठ लावून, हनुवटी वर करून उभी होती. मी म्हणालो होतो, "वा, अजून ताठ आहेस." त्यावर ती आणखी ताठ झाली होती. मला आठवलं.

"मूर्ख तुम्ही एकट्याच नाही," मी म्हणालो. "सायकलची सीट मी कधी टेपनं लावत नाही. माणसाला बसवतो, गल्लीला एक चक्कर मारून यायला सांगतो. तो परत येतो तेव्हा त्याचा गुडघा बघतो. मग पाना फिरवतो. पन्नास वर्षांत एकाला टेप लावला नाही. घरच्या माणसाला लावला."

"मग आता लावा पाना."

"चपला काढा. आणि चक्कर मारा. एक नाही, वीस."

त्यांनी वीस चकरा मारल्या. मी खाली बसून त्यांना चपलांच्या दुकानवाल्याबद्दल विचारत राहिलो, कारण त्या विषयावर त्यांना दम लागेपर्यंत बोलता येतं. त्याच्या पाटीवरची चूक, त्याची खोकण्याची पद्धत, सगळं झालं. अकराव्या चकरेला पाठ जरा झुकली. पंधराव्याला खांदे वर आले. विसाव्याला मी त्यांना थांबवलं, हात सोडायला लावले आणि बोलता बोलता मनगटाशी टेप धरला.

सव्वा एकोणतीस.

"सव्वा इंच," मी म्हणालो. "पण सकाळी आल्या आल्या तुम्ही साडेतीसच्याच असाल."

"सकाळी एक बाई, संध्याकाळी दुसरी. साठीनंतर सगळ्यांचं असंच असतं."

मग नळी कापून भागणार नव्हतं. कापली की एकच माप. मी दुकानात जाऊन सायकलच्या सीटखाली नळी आवळायला असतात तशा दोन पट्ट्या आणल्या, अंगठ्यानं उघडायचा खटका असलेल्या. नळीत नळी घातली, वर खटका. खटका उघडा, मूठ खाली घ्या, खटका बंद करा. पाना नको, सायकलवाला नको.

"आता माप तुमच्या हातात," मी म्हणालो. "आणि पुन्हा झकास म्हणालात तर वॉकर परत नेईन."

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण खटका डावीकडचा जरा घट्ट आहे."

तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पहिल्या तारखेला मी सकाळीच गेलो. मुलगा रजा काढून बंद शटरसमोर उभा होता, हातात वर्तमानपत्र, नजर एकाच पानावर. त्यानं न बोलायचं कबूल केलं होतं. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. मलाही तीच अट होती.

शटर त्यांनी पट्ट्याला टेकून आकड्याच्या काठीनं वर ढकललं. पहिल्या धक्क्याला ते अर्ध्यावर अडकलं. मुलाचं वर्तमानपत्र फाटलं. दुसऱ्या धक्क्याला ते वर गेलं, तसा तो आत आरशाखालच्या स्टुलावर जाऊन बसला आणि मी दारात. मग झाडणं, मशीनला तेल, इस्त्री लावणं. टिकटिक, टिकटिक. तीन महिने बंद असलेलं दुकान उघडलं म्हटल्यावर गिऱ्हाइकं येतच राहिली. शाळेचे गणवेश, पँटची उंची कमी करणं, एक अगडबंब गृहस्थ कोट शिवायला. त्यांच्या छातीभोवती टेप न्यायला दोन्ही हात लागतात आणि गिऱ्हाइकाच्या अगदी जवळ जावं लागतं. वॉकर पुढून मोकळा असल्यानं त्या जवळ गेल्या. "मुलं काय करतात आपली?" त्यांनी विचारलं. गृहस्थ सैल पडले. पोट बाहेर आलं. टेलरबाईंनी माझ्याकडं बघून एक भुवई वर केली.

दुपारी कात्री पडली. मोठी, कापायची. टेबलाखाली सरकत गेली. मुलगा उठला.

"बस खाली."

"आई, नुसती उचलून देतो."

"माझ्याकडं कात्र्या तीन आहेत. खुबे दोनच. बस."

त्यांनी खणातून दुसरी काढली. पहिली दिवसभर टेबलाखाली तशीच पडून राहिली.

चारच्या सुमाराला त्या इस्त्रीजवळ थांबल्या. खांदे वर आले होते. मला दिसत होतं, मुलालाही दिसत होतं. त्या बोलत नव्हत्या. एक मिनिट गेलं असेल. मुलगा स्टुलाच्या कडेला आला, त्याचे ओठ हलले. मी माझ्या गुडघ्याला घट्ट धरून बसलो होतो. मनात म्हणत होतो, बोलू नका हवं तर, पण फरशी गार आहे म्हणू नका.

त्यांनी उजवा अंगठा खटक्यावर नेला. टक. मूठ खाली. टक. मग डावा, जरा जोर लावून. टक, टक. हात सैल झाले, खांदे उतरले. त्यांनी इस्त्री उचलली आणि पँटला घडी पाडली.

मला वाटतं, दुकानाचा निकाल तेव्हाच लागला. मुलानं वर्तमानपत्राची घडी केली आणि नंतर सरळ आईकडं बघत बसला.

सात वाजता शटर खाली आलं. या वेळी मधे अडकलं नाही. मुलगा म्हणाला, "आता उचलू?"

"आता उचल. दुकान बंद झालंय."

तो टेबलाखाली वाकून कात्री घेऊन आला. कपाळावर धूळ. कात्री त्यानं आईच्या हातात मुठीकडून दिली, आणि म्हणाला, "चपलांच्या दुकानवाल्याला मी सांगतो."

"तू नको. मी सांगणार," टेलरबाई म्हणाल्या. "मला मजा येईल."

घरी आलो. हिच्या तपकिरी चपला पलंगाखाली होत्या, ठेवलेल्या तशाच. एक काढून दिव्याखाली धरली आणि तळाला टेप लावला. टाचेकडं झिजली होती, पुढं नाही. पुढं बरोबर सव्वा इंच.

तिनं मला माप दिलं होतं. तीन वर्षं रोज पायात घालून दाखवत होती. मी बघितलं नाही. हे आता बदलत नाही, आणि त्याच्यावर मी फार लिहिणार नाही.

सकाळी हिच्या वॉकरच्या दोन्ही नळ्या कापल्या आणि खटके बसवले. चांगले बसले. डावा मुद्दाम तपासला.

चार दिवसांनी कोटवाले अगडबंब गृहस्थ माझ्या दुकानात आले. बरोबर त्यांची मोठी बहीण. दवाखान्याचा वॉकर, चापून चोपून केलेले केस. गृहस्थ म्हणाले, "टेलरबाईंनी पाठवलंय. ताईला माप द्यायचंय." बाई लगेच वॉकर सोडून भिंतीला टेकल्या आणि ताठ उभ्या राहिल्या, हनुवटी वर.

मी टेप खिशात ठेवला.

"माप नंतर," मी म्हणालो. "ताई, त्या वॉकरनं तुम्हाला काय करता येत नाही?"

त्यांनी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चालता येतं," त्या म्हणाल्या. "पण हातात काही घेऊन जाता येत नाही."

मी आत जाऊन चहा केला. ओट्याजवळून हिचा वॉकर आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"याचं तबक बघा. आत ओट्यावर चहा केलेला आहे, तीन कप. मागच्या दारानं जा आणि घेऊन या. घाई नाही. येताना जरा गल्लीला वळसा घालून या, म्हणजे दमाल."

"सांडला तर?"

"पुन्हा करू."

त्या निघाल्या. मी स्टुलावर बसलो आणि त्यांच्या खांद्यांकडं बघत राहिलो.